मूळ गाव
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात बुरोंडी येथे केलेले भाषण)



मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शाळामास्तर. विद्वत्तेचे भाषण माझ्याकडून व्हावयाचे नाही. परंतु गेले वर्षभर सभासदांचे अर्ज तपासण्याचे काम माझ्याकडे होते, आणि त्यातील एका रकान्याने मला अस्वस्थ केले. 'मूळ गाव' हा तो रकाना. वृद्धांनी तेथे गाव, वाडी, एका आजोबांनी तर दारचा फणससुद्धा लिहिला आहे. तरुणांपैकी कित्येकांनी 'मुंबई' लिहिले. काहींनी तो कोराच सोडला.

हा रकाना पुसला गेला म्हणजे काय होते, हे मॉरिशस बेटावरील आपल्याच माणसांच्या हकिकतीवरून कळते. गुलामगिरी कायद्याने बंद होऊ लागली आणि उसाच्या मळेवाल्यांस स्वस्त हात हवे झाले. तेव्हा १८३४ पासून तेथे हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेण्यास प्रारंभ झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी ही वाहतूक थांबेपर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे त्या बेटावर उतरली. बहुसंख्य कलकत्ता व मद्रास येथून गेली. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी जिल्ह्यातील पुष्कळ होती. पोर्ट लुई बंदरात कारकून प्रत्येकाची नोंद करी. नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, गाव, सारे वहीत उतरे.

म्हणजे रकाना होता, आणि भरलेलाही होता! परंतु वही सरकारच्या कपाटात राहिली. माणसाबरोबर मळ्यावर गेला तो त्याचा क्रमांक आणि त्याचे नाव. पुढे मुलांना बापाचे वा आजाचे नावच आडनाव म्हणून चिकटले, तेही परकीय कानांनी ऐकले तसे. आपल्याकडे बुरोंडीचा तो बुरोंडकर, दाभोळचा तो दाभोळकर. हा शेवटचा 'कर' आपण किती सहज उच्चारतो! तेथे अनेकांचा तो गळून पडला, आणि त्याबरोबर गावाची वाटही बुजली. त्यांच्या पणतवंडांपैकी कोणी आज रत्नागिरीस आलाच, तर कोणत्या वाडीत जाऊन कोणाचे दार ठोठावावे?

तथापि सारेच गेले असे नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तेथे गणपती बसतो, आणि गणेश चतुर्थीस सार्वत्रिक सुटी असते. आपली जाखडी तेथे 'झाकरी' या नावाने नाचतात. घरात बोलणे बहुधा क्रिओल, मराठी शिकावयाची ती शाळेत. आणखी एक गोष्ट ज्ञातिसंमेलनात बोलताना मला थोडा संकोच होतो. कारकुनाच्या वहीत जात होती. पण आज ही मंडळी समाजात आपली ओळख सांगतात ती 'मराठी' एवढीच. येथे ज्या भेदांपायी आपल्या आज्यापणज्यांनी पंक्ती वेगळ्या मांडल्या, ते तेथे पुष्कळसे विरले. यात त्यांनी काय गमावले आणि काय मिळवले, याचा हिशेब मला अजून नीट लागलेला नाही.

अलीकडे ह्मोंग नावाच्या लोकांविषयी वाचनात आले. हे मूळचे डोंगरी शेतकरी. १९७५ मध्ये लाओसमधील युद्धाचा शेवट त्यांच्यावर उलटला, आणि हजारो कुटुंबे परागंदा होऊन अमेरिकेत गेली. त्यांना स्वतःचे असे राज्य नाही. परंतु कुळाचे नाव त्यांनी सोडले नाही. आपण जसे देवक पाहतो, तसे एका कुळात ते लग्न करीत नाहीत. जुन्या चालीप्रमाणे माणूस मेला म्हणजे जाणता पुरुष गात गात त्याच्या आत्म्यास, तो ज्या ज्या गावी राहिला त्या त्या गावातून, उलट वाटेने नेतो. थेट जन्मस्थळी, जेथे त्याची वार पुरलेली असते. 'नाळ पुरली ती जागा' असे आपणही म्हणतोच. पण ही वाट दाखवावयाची तर गावांची नावे घरच्यांना क्रमाने ठाऊक हवीत.

मी कारकुनांस नावे ठेवीत नाही, कारण तेच पाप माझ्या हातून घडले आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी एक बाप मुलाचे नाव घालावयास आला. आडनाव विचारता त्याने गोंधळून आपल्या बापाचे नाव सांगितले. जूनची गर्दी, बाहेर पाऊस. मी तेच लिहिले. त्याच घरातील चुलतभावांचे आडनाव निराळे लागले. पुढे वडिलोपार्जित जमिनीवर वारस म्हणून नाव लावताना त्या मुलास पुष्कळ खेटे घालावे लागले. तो मला अजून 'गुरुजी' म्हणून वाकून नमस्कार करतो, आणि मला मान वर करवत नाही.

म्हणून यंदा मी मंडळाची एक कोरी वही मागून घेतली आहे. तीत गाव, वाडी, कुळ, देवक, आणि घरातून कोण केव्हा कोठे गेले, एवढेच लिहावयाचे. मुंबईहून आलेल्या मुलांनी आपल्या आजीला हात धरून मांडवाच्या दक्षिण कोपऱ्यात आणावे. लिहिणारा मीच आहे, आणि या खेपेस मी दोनदा विचारून लिहिणार आहे.