मोठे टायर, डिझेलचा खर्च आणि मीटरचा हिशेब

(माजरी, ता. भद्रावती, जि. चंद्रपूर येथे शेतकऱ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या भागात जीप हे चैनीचे वाहन नाही. बियाणे व खताची पोती वावरापर्यंत न्यायची, भाजीपाला वरोऱ्याच्या किंवा भद्रावतीच्या बाजारात पोचवायचा, अडीअडचणीला आजारी माणसाला चंद्रपूरला न्यायचे, ही सारी कामे तीच करते. मृग लागला की पांदण रस्त्याचा चिखल होतो आणि चाक रुतते. म्हणून आपले तरुण जुनी जीप, बोलेरो किंवा थार घेतात आणि सर्वात आधी तिचे टायर बदलून मोठे, खोल नक्षीचे टायर चढवितात. दोन महिन्यांनी तक्रार सुरू होते की गाडी डिझेल फार पिते, ॲव्हरेज पार पडले.

ॲव्हरेज पडते हे खरे. पण मीटर दाखवितो तेवढे ते पडत नाही. खरी घट किती आणि मीटरची फसगत किती हे वेगळे केल्याशिवाय टायर ठेवावे की काढावे याचा निर्णय घेऊ नये. आज मुख्यतः एवढेच सांगायचे आहे.

आधी टायरवरचे आकडे वाचावयास शिकले पाहिजे. बोलेरोच्या टायरवर २१५/७५ आर १५ असे लिहिलेले असते. २१५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या ७५ टक्के, म्हणजे सुमारे १६१ मिलिमीटर. १५ म्हणजे रिमचा व्यास इंचात, म्हणजे ३८१ मिलिमीटर. भिंत वर एकदा आणि खाली एकदा धरायची. बेरीज केली की टायरचा पूर्ण व्यास सुमारे ७० सेंटिमीटर येतो. याच गाडीला हौसेने बसवितात तो ३१ इंची टायर ७८.७ सेंटिमीटरचा असतो. म्हणजे व्यासात जवळजवळ १२ टक्के वाढ झाली.

आता मीटरचे पाहा. गाडीचा मीटर अंतर मोजत नाही, तो फेरे मोजतो. कारखान्यात त्याला ७० सेंटिमीटरच्या चाकाचे फेरे शिकवून पाठविलेले असतात. चाक मोठे झाले तर एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते, पण मीटर मात्र जुनाच हिशेब लावतो. मीटरवर १०० किलोमीटर झाले असतील तेव्हा गाडी खरोखर ११२ किलोमीटर गेलेली असते. उदाहरण घेऊ. समजा, जुन्या टायरवर ४० लिटर डिझेलमध्ये ५२० किलोमीटर होत होते, म्हणजे लिटरला १३. मोठे टायर टाकल्यावर तेवढ्याच डिझेलमध्ये मीटरवर ४१६ किलोमीटर दिसले. शेतकरी म्हणतो, लिटरला १०.४ वर आले, अडीच किलोमीटर गेले. पण ४१६ ला १.१२ ने गुणले की खरे अंतर सुमारे ४६६ किलोमीटर येते आणि ॲव्हरेज ११.६ निघते. घट आहेच, पण ती अडीचची नसून दीडच्या आतली आहे. उरलेली मीटरची आहे.

याच्या उलटही होते. नक्षी झिजून गेलेल्या टायरचा व्यास दीड-दोन सेंटिमीटरने कमी होतो, त्यामुळे मीटर जास्त अंतर दाखवितो आणि गाडी चांगले ॲव्हरेज देते असे वाटते. नवे टायर टाकल्याबरोबर ‘नवीन टायरने ॲव्हरेज खाल्ले’ अशी ओरड होते. जुनी गाडी विकत घेताना विकणाऱ्याने सांगितलेले ॲव्हरेज ऐकावे, पण त्याबरोबर टायरकडेही एक नजर टाकावी.

खरे अंतर काढणे अवघड नाही. हमरस्त्यावरचे किलोमीटरचे दगड पाहून २० किलोमीटर गाडी चालवावी आणि मीटर किती दाखवितो ते लिहून ठेवावे. मोबाईलच्या नकाशावरही अंतर कळते. मोबाईल नसेल तर टायरवर खडूची खूण करून, नेहमीचे ओझे भरून, सपाट जागी चाकाचे १० फेरे होतील इतकी गाडी ढकलावी आणि टेपने अंतर मोजावे. ओझ्याखाली टायर थोडा दबतो, त्यामुळे हे माप कागदावरच्या मापापेक्षा थोडे कमी येते आणि तेच खरे धरावे.

डिझेल मोजण्याची पद्धतही सुधारली पाहिजे. दोनशे रुपयांचे, पाचशे रुपयांचे डिझेल टाकून काट्याकडे पाहत बसल्याने काही कळत नाही. टाकी पूर्ण भरावी, पंपाची नळी आपोआप बंद होईल तिथे थांबावे, मीटर लिहावा. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर, तसेच पूर्ण भरून किती लिटर गेले ते लिहावे. एका टाकीवर भरवसा ठेवू नये, निदान तीन टाक्यांची सरासरी काढावी. वहीत ओझे किती होते, रस्ता डांबरी होता की पांदण, हेही एका शब्दात टिपावे. गाडी सुरू ठेवून गप्पा मारण्याची आपली सवय या वहीत लगेच उघडी पडते. उभ्या गाडीचे इंजिन तासाला अर्ध्या लिटरच्या आसपास डिझेल जाळते आणि किलोमीटर शून्य.

काही जण माहितीपत्रकातला आकडा पुढे करतात. तो आकडा खोटा नसतो, पण तो आपल्या रस्त्याचा नसतो. ही चाचणी प्रयोगशाळेत गाडीची चाके रुळांवर फिरवून, ठरावीक वेळापत्रकाने वेग कमी-जास्त करून घेतली जाते. सुमारे वीस मिनिटांची ही चाचणी असते आणि तिच्यात वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही. टायर कारखान्याचे, हवा बरोबर, खड्डा नाही, कोळशाच्या ट्रकमागे रांगणे नाही, वर पोती बांधलेली नाहीत. तेव्हा आपल्या गाडीची तुलना त्या पत्रकाशी न करता आपल्याच गाडीच्या मागच्या वहीशी करावी.

आता खरी घट कशाने होते ते पाहू. मोठा टायर जड असतो. एका टायरमागे सहा-आठ किलो सहज वाढतात आणि हे वजन नुसते वाहायचे नसते, दर वेळी थांबून निघताना ते फिरवावे लागते. खोल नक्षीचे रबर डांबरी रस्त्यावर सतत दबते, वाकते आणि तापते. ती उष्णता डिझेलमधूनच येते. रुंद टायर व उंच झालेली गाडी वारा जास्त अडविते, आणि वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ६० वरून ८० वर गेले की तो पावणेदोन पटींहून थोडा अधिक होतो. गिअरचा परिणामही लक्षात घ्यावा. चाक १२ टक्के मोठे झाले म्हणजे सगळे गिअर तेवढेच ‘लांब’ झाले. सपाट रस्त्यावर रिकामी गाडी पाचव्या गिअरमध्ये छान पळते. पण ओझे भरले की इंजिन घुसमटते, धूर काढते, चौथा गिअर टाकावा लागतो आणि क्लच प्लेट लवकर जाते. ज्या गाडीला कारखान्यातूनच मोठा टायर येतो, जसे २०२० मध्ये आलेल्या नव्या थारच्या एका प्रकाराला २४५/७५ आर १६, तिचे गिअर, ब्रेक व मीटर त्या मापाला जुळविलेले असतात. तिच्या बाबतीत ही अडचण येत नाही.

पैशात बोलायचे तर असे. वर्षाला १२,००० किलोमीटर चालणाऱ्या गाडीचे ॲव्हरेज १३ वरून ११.६ वर आले तर सुमारे १११ लिटर डिझेल जास्त लागते. लिटरला ९० रुपये धरले तर हे दहा हजार रुपये झाले. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरला होता. म्हणजे दरवर्षी जवळपास दोन क्विंटल सोयाबीन टायरखाली गेले. टायरची किंमत वेगळीच.

मग मोठा टायर वाईटच का? तसे नाही. डांबरी रस्त्यावर एक टन वजन ओढायला साधारण १० ते २० किलोचा जोर पुरतो. मऊ, ओल्या वावरात तेच वजन ओढायला १०० किलो आणि त्याहूनही जास्त जोर लागतो. चाक जमिनीत दबते, पुढे मातीची लहानशी चढण तयार होते आणि चाक सतत ती चढत राहते. मोठ्या व्यासाचे चाक कमी दबते, चढण सौम्य होते. अशा ठिकाणी मोठा टायर डिझेल वाचवितो, आणि गाडी रुतून ट्रॅक्टर बोलवावा लागला तर त्याचे भाडेही वाचवितो. पण येथे रुंदीपेक्षा उंचीचे महत्त्व जास्त आहे. दुसऱ्या महायुद्धातील विलीस जीपला ६.०० – १६ मापाचे, म्हणजे जेमतेम सहा इंच रुंदीचे टायर होते. आजही अनेक ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाला हेच माप असते. अरुंद टायर वरचा पातळ चिखल कापून खालच्या टणक थरापर्यंत पोचतो, रुंद टायर वरच घसरत राहतो.

आणि आपल्या काळ्या जमिनीचे वेगळेच आहे. ही माती ओली झाली की फुगते आणि चिकटते. टायरची खोल नक्षी चार फेऱ्यांत भरून जाते आणि हजारो रुपयांचा टायर गुळगुळीत पाटासारखा होतो. भर पावसात काळ्या वावरात कोणताच टायर चालत नाही, त्या दिवशी गाडी पांदणीच्या तोंडाशी उभी करून पोते डोक्यावर न्यावे हे माझे स्पष्ट मत आहे. मूल, सिंदेवाही, गडचिरोलीकडील जंगलातले मुरमाड रस्ते व दगडी नाले यांवर मात्र उंच टायरचा उपयोग अधिक होतो. तेव्हा आपली गाडी वर्षात किती किलोमीटर डांबरावर आणि किती कच्च्या रस्त्यावर चालते हे वहीतून पाहावे. शंभरातले नव्वद किलोमीटर डांबराचे असतील तर दहा किलोमीटरसाठी नव्वदचा दंड भरण्यात शहाणपण नाही.

फुकटात होणारी बचत हवेत आहे. टायरच्या हवेकडे आपण पंक्चर होईपर्यंत पाहत नाही. चारही टायरांत एक पौंड हवा कमी असेल तर इंधनाचा खर्च सुमारे ०.२ टक्के वाढतो असे अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचे म्हणणे आहे. दहा पौंड कमी असेल तर दोन टक्के, आणि टायरच्या कडा झिजतात ते निराळे. चंद्रपूर जिल्ह्यात तर हवामानच हवा काढून घेते. मे महिन्यात ४५ अंश तापमानात ३० पौंड भरलेली हवा डिसेंबरच्या पहाटे १२ अंशाला पाहिली तर थंडीमुळेच चार-पाच पौंड कमी भरते, गळती धरलेलीच नाही. म्हणून हंगाम बदलला की हवा तपासावी, आणि ती सकाळी, गाडी चालविण्यापूर्वी, टायर थंड असताना तपासावी. तापलेल्या टायरची हवा जास्त दिसते म्हणून ती काढू नये. नदीच्या रेतीतून जाताना हवा २० पौंडांपर्यंत उतरविली तर टायर पसरतो व गाडी निघते. पण डांबरावर येताच परत भरावी. त्यासाठी छोटा पंप गाडीत ठेवावा. पंप नसेल तर हवा काढूच नये.

खाणीच्या परिसरातील आणखी एक गोष्ट. धुळीने एअर फिल्टर लवकर भरतो आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. काळा धूर दिसला की टायरला दोष देण्यापूर्वी फिल्टर उघडून पाहावा.

काही धोके थोडक्यात सांगतो. पैसे कमी आहेत म्हणून मागचे दोनच टायर मोठे टाकणे फोर व्हील गाडीत महागात पडते. पुढची व मागची चाके वेगळ्या मापाची असली की फोर व्हील टाकताच गिअर पेटीवर ताण येतो. कोरड्या डांबरावर जीपमध्ये फोर व्हील लावूच नये. मोठ्या चाकाला थांबवायला ब्रेकला जास्त जोर लागतो आणि मीटर वेगही कमी दाखवितो. काटा ४० वर असताना गाडी ४५ ने धावत असते. ताडोब्याच्या बाजूच्या रस्त्यांवर संध्याकाळी केव्हा काय आडवे येईल सांगता येत नाही, तेथे हे पाच किलोमीटर मोलाचे आहेत. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे वाहनात मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. उत्पादकाने त्या मॉडेलसाठी दिलेल्या मापाबाहेर जाण्यापूर्वी आर.टी.ओ. कार्यालयात विचारावे, नाही तर विम्याच्या वेळी वाद होतो.

ट्रॅक्टरला हाच हिशेब थोडा फिरवून लावावा. तेथे किलोमीटर नव्हे, एकरी किती लिटर हे लिहावे. नांगरताना चाक १० ते १५ टक्के घसरणे ठीक आहे, त्याहून जास्त घसरले तर डिझेल नुसते माती उकरण्यात जाते. मागच्या चाकावर खडूने खूण करावी. नांगर वर उचलून १० फेऱ्यांत ४० मीटर अंतर गेले आणि नांगर लावून ३४ मीटर गेले, तर घसरण १५ टक्के झाली. जास्त असेल तर मागच्या टायरमध्ये पाणी भरावे किंवा वजने लावावीत. अजिबात घसरत नसेल तर वजन फाजील आहे, ते काढावे. ट्रॉली ओढतानाची हवा आणि शेतातली हवा वेगळी असते, दोन्ही आकडे ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेले असतात. धानाच्या बांधीत चिखलणीसाठी लावलेली लोखंडी चाके डांबरी रस्त्यावर आणू नयेत.

खडू व टेप मी बरोबर आणला आहे. बाहेर ज्यांच्या गाड्या उभ्या आहेत त्यांपैकी एक मोठ्या टायरची आणि एक मूळ टायरची अशा दोन गाड्या मैदानात घ्याव्यात. दहा-दहा फेरे ढकलून माप घेऊ, आणि प्रश्न तेथेच विचारावेत.