अभ्यास मोजून करा

(मंडळाच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही दोघे अमेरिकेत एकाच विद्यापीठात एम. ए. करीत होतो. विषय वर्तन-विश्लेषण. स्वमग्न मुलांना बोलणे, जेवणे, कपडे घालणे टप्प्याटप्प्याने शिकविण्यासाठी तेथे या शास्त्राचा मोठा उपयोग होतो. परंतु नुसत्या पदवीवर भागत नाही. १९९८ साली स्थापन झालेल्या प्रमाणन मंडळाची परीक्षा द्यावी लागते. त्याआधी देखरेखीखाली २००० तास प्रत्यक्ष काम. परीक्षा संगणकावर, १८५ प्रश्न, वेळ चार तास.

पहिल्या वेळी आमच्यापैकी एकजण नापास झाला. गावी आईने पतपेढीचे कर्ज काढलेले. घरी फोनवर सांगायला जीभ उचलेना.

चूक कोठे झाली? व्याख्या तोंडपाठ होत्या. पण प्रश्नात प्रसंग असतात. समजा, गणिताची वही पुढे आली की मूल ओरडते. बाई वही उचलून नेतात. पुढे मूल अधिकच ओरडू लागते. हे काय झाले? आम्ही घाईने 'शिक्षा' म्हणायचो. बरोबर उत्तर 'ऋण प्रबलन'. नकोशी वही टळली म्हणून ओरडणे वाढले. वर्तन वाढले तर प्रबलन, घटले तर शिक्षा. 'ऋण' म्हणजे वाईट नव्हे. काहीतरी काढून घेतले, एवढेच.

मग लक्षात आले, मुलांना जे शास्त्र लावतो ते आम्ही स्वतःला लावलेच नव्हते! भिंतीवर आलेखाचा कागद चिकटविला. कामावरून आल्यावर रोज वीस प्रश्न सोडवायचे, बरोबर किती ते आलेखावर मांडायचे, त्यानंतरच चहा. चुकलेला प्रश्न वहीत, शेजारी चुकीचे कारण. ज्या प्रकरणाची रेघ वर चढत नाही, तेवढेच पुन्हा वाचायचे. आणि प्रत्येक संज्ञा एकमेकांना मराठीत समजावून सांगायची. मराठीत सांगता आली नाही, तर ती कळलेलीच नाही, असे समजायचे. दुसऱ्या प्रयत्नात आमचा सोबती उत्तीर्ण झाला.

येथील विद्यार्थ्यांना एक सावधगिरीची सूचना. १ जानेवारी २०२३ पासून ते मंडळ भारतात राहणाऱ्यांचे नवे अर्ज घेत नाही. तेव्हा या प्रमाणपत्राच्या आशेने घरबसल्या महागडा अभ्यासक्रम घेण्यापूर्वी, कर्ज काढण्यापूर्वी, नियम स्वतः वाचा. जाहिरातीवर विसंबू नका.

नापास होणे हा कलंक नव्हे. काय चुकले ते मोजले नाही, तर मात्र तीच चूक पुन्हा होते. पालकांनो, मुलाचा निकाल कमी लागला तर त्याला बोल लावू नका. वही घेऊन त्याच्याजवळ बसा.