बसून बोलण्याचे व्रत

संसारात बोलणे पुष्कळ होते. संवाद मात्र क्वचित घडतो. दुधाचा हिशेब, मुलांची फी, गावाकडचे आजारपण यांविषयी पतिपत्नी रोज बोलतात. पण परस्परांच्या मनात काय चालले आहे, हे विचारायचे राहून जाते.

वसईहून नोकरीसाठी हरियाणातील मानेसरला आलेले एखादे कॅथलिक दांपत्य डोळ्यांपुढे आणावे. वसईच्या घरी संध्याकाळी आजीपासून नातवंडांपर्यंत सारे रोझरीला बसत. मानेसरच्या औद्योगिक वसाहतीत ते गोकुळ नाही. कारखान्याची पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची. एक परतावे तो दुसऱ्याने निघावे. रविवारची मिस्सा चुकत नाही. पण श्रद्धा रविवारपुरतीच उरली, की तिची नुसती सवय होते.

वैवाहिक प्रेम आणि ईश्वरभक्ती यांची सांगड कशी घालावी, हा प्रश्न १९३९ साली पॅरिसमधील चार दांपत्यांनी आंरी काफारेल या तरुण धर्मगुरूपुढे मांडला. तयार उत्तर त्यांच्याजवळही नव्हते. सर्वांनी मिळून शोध घ्यावा, असे ठरले. त्या बैठकींतून ‘टीम्स ऑफ अवर लेडी’ ही प्रापंचिकांची चळवळ उभी राहिली. ८ डिसेंबर १९४७ रोजी तिची सनद जाहीर झाली. पुढे ती भारतातही आली. पाच ते सात दांपत्ये व एक धर्मगुरू महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमतात. साधे जेवण, शास्त्रवाचन, प्रार्थना आणि सुखदुःखाची देवघेव होते.

या चळवळीतील एक नियम मोठा मार्मिक आहे. महिन्यातून एकदा पतिपत्नींनी देवासमोर निवांत बसून एकमेकांशी मोकळेपणाने बोलावे. त्याचे मूळ लूकच्या शुभवर्तमानात आहे. मनोरा बांधू पाहणारा माणूस आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो, असे येशू तेथे सांगतो. संसाराचा मनोरा उभारणाऱ्यांनी मात्र बसायचेच विसरावे काय?

नियम सोपा दिसतो; पाळणे अवघड. परगावच्या एकाकीपणाने आपण खचलो आहोत, हे पत्नीने बोलून दाखवायचे आणि पतीने समर्थन न करता ऐकून घ्यायचे, याला धैर्य लागते. समुदायाचा उपयोग येथेच होतो. काय बोललात, हे तेथे कोणी विचारत नाही. पण बसलात का, याची आठवण सोबती देतात.

प्रपंचातून परमार्थ ही वाट मराठी मनाला अपरिचित नाही. पैठणच्या एकनाथांनी गिरिजाबाईंसह ती चालून दाखविली. कॅथलिक चर्चनेही १८ ऑक्टोबर २०१५ रोजी लुई व झेली मार्टिन या फ्रेंच पतिपत्नींना एकत्रच संतपद दिले.

मानेसरच्या त्या दोन खोल्यांत वसईचे गोकुळ परत येणार नाही. पण पाळीच्या सुटीत दिवा लावून दोघे समोरासमोर बसली, आणि महिन्याकाठी शेजारची चार दांपत्ये त्यांच्या पंगतीला आली, तर परक्या गावातही प्रार्थनेला घर मिळेल.