विज्ञानमेळावा आणि गावचे पाणी

रामन परिणामाच्या १९२८ मधील शोधाचे स्मरण म्हणून १९८७ पासून २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन पाळला जातो. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणींच्या सान्निध्यात त्यानिमित्त शाळकरी मुले प्रयोग मांडतात.

पंचायतींनी असा मेळावा भरविताना भाषणे आटोपती घ्यावीत (ही सूचना वक्त्यांनाही लागू आहे!) आणि गावच्या नळाचे पाणी मांडवात आणावे. जलसुरक्षकाने त्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकावेत. पाणी पिवळे झाले, तर क्लोरीन शिल्लक आहे. रंग आलाच नाही, तर निर्जंतुकीकरण अपुरे आहे. अशा वेळी सरपंचांनी परीक्षानळी झाकू नये. मुलांचे प्रश्न ऐकावेत व त्याच दिवशी टाकी तपासावी.