मनातली भाषा, घरातली भाषा



निवृत्तीनंतर काय करतोस, असं सकाळपासून अनेकांनी विचारलं. मी एक भाषा बनवतो आहे. कोणीच बोलत नाही अशी, पण खरी वाटावी अशी.

छंद तसा जुना आहे. ऑक्सफर्डचे प्राध्यापक टॉल्किन यांनी १९३१ साली त्यावर व्याख्यानही दिलं होतं. झामेनहॉफ यांची १८८७ ची एस्परांतो शिकायला सोपी व्हावी, म्हणून तिची क्रियापदं बिनअपवादाची ठेवली. मला उलटं हवं होतं, वापरून झिजलेली भाषा.

अपवाद मनाला येतील तसे घालून चालत नाही. आधी जुनी भाषा बनवायची, मग ती नियमाने झिजवायची. माझ्या जुन्या भाषेत नदी म्हणजे 'मेरुक', नद्या 'मेरुकी'. पुढे दोन स्वरांमधल्या क चा ग झाला, 'मेरुगी'. मग शेवटचा ई गळला. आता एक नदी 'मेरुक', अनेक 'मेरुग'. ऐकणाऱ्याला हा अपवाद वाटेल, पण त्यामागे दोन सरळ नियम आहेत.

मराठीही अशीच घडली. हस्त, हत्थ, हात. कर्ण, कण्ण, कान. संस्कृतात 'पानीय' होतं. प्राकृतात न चा ण झाला आणि आपलं 'पाणी' आलं.

माझी आजी मात्र 'पानी' म्हणायची. आपल्या वर्गातही तसं बोलणारे बरेच होते. 'अशुद्ध' हा शेरा ऐकून त्यातले काही हात वर करेनासे झाले. पण आजी पानी, लोनी, कोन, आनि असं सगळीकडे न च म्हणायची. चुकणारा माणूस इतका नियमाने चुकत नाही. न चा ण झाला तो जसा भाषेचा बदल, तसाच ण चा न झाला तोही.

गुरुजनांनी प्रमाण मराठी शिकवली, तिच्यावर आमचे संसार उभे राहिले. ते ऋण आहेच. त्या शेजारी घरच्या बोलीलाही पाट मांडायला हवा, एवढंच म्हणणं.

माझी भाषा माझ्याबरोबर संपली तरी कोणाचं काही बिघडणार नाही. आजीची बोली संपली तर बिघडेल. म्हणून आज पंगतीत मी वही घेऊन बसणार आहे. तुमच्या घरचे शब्द सांगा, घरच्याच उच्चारात.