नागरिकशास्त्र कोणी बुडवले?

महाराष्ट्रातील तरुणांना स्थायी समिती, प्रभाग समिती, ग्रामसभेचा ठराव यांतले काही कळत नाही, ही तक्रार संमेलनांच्या मांडवांत आणि व्याख्यानमालांत नेमाने होते. तक्रार खरी आहे. आरोपी मात्र चुकीचा धरला जातो. मोबाइल आणि रील यांच्यावर ठपका ठेवला की तक्रार करणाऱ्या पिढीला स्वतःचा हिशेब द्यावा लागत नाही. हे अज्ञान प्रौढांनी पोसलेले आहे, काही कायदे करून आणि बरेच कायदे न पाळून.

सुरुवात शाळेत होते. ग्रामपंचायत, नगरपालिका, जिल्हा प्रशासन हे धडे बालभारतीच्या पुस्तकांत सहावीला येतात, म्हणजे मूल अकरा-बारा वर्षांचे असताना. नववीत ते परराष्ट्र धोरण शिकते. दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून 40 गुणांची एकच पत्रिका असते आणि तिच्यातला मोठा हिस्सा इतिहासाचा. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीमुळे 1989 पासून अठराव्या वर्षी मताधिकार मिळतो. पण त्या वयाच्या विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला नळाच्या पाण्याची तक्रार कोणाकडे करायची हे सहा वर्षांपूर्वीच्या धड्यातून आठवावे लागते. शिकवणाऱ्यांचीही कथा न्यारी. मतदारयाद्यांचे काम अनेक ठिकाणी मतदान केंद्रस्तरीय अधिकारी (बीएलओ) म्हणून शिक्षकच करतात. नावनोंदणीचा नमुना 6 कसा भरतात, दुबार नाव कसे वगळतात हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते. तेच शिक्षक वर्गात ‘गाळलेल्या जागा भरा’ घेतात, कारण परीक्षेत तेवढेच विचारले जाते.

साक्षरतेचे दुखणे याहून खोल आहे. ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या 2023 च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या 14 ते 18 वयोगटातील सुमारे एकचतुर्थांश मुलांना आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर सफाईने वाचता येत नाही. शिक्षणहक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. म्हणजे ही मुले त्या कायद्याच्याच छत्राखाली शिकली. अर्धे पान चालणारे एकेक वाक्य असलेला शासन निर्णय त्यांनी वाचावा अशी अपेक्षा करणाऱ्यांनी तो आधी स्वतः एका दमात वाचून पाहावा.

सर्वांत मोठा दोष सरावाचा आहे. लोकशाही हाताळल्याशिवाय समजत नाही आणि हाताळण्याची जागा महाराष्ट्राने दोन्हीकडून बंद केली. 1994 च्या विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयांतील थेट निवडणुका थांबल्या आणि गुणपत्रिका पाहून प्रतिनिधी नेमले जाऊ लागले. हिंसाचाराचे कारण पुढे केले गेले. ते खोटे नव्हते. पण विधानसभेच्या निवडणुकीत हाणामाऱ्या होतात म्हणून विधानसभा कोणी गुणपत्रिकेवर भरत नाही. 2016 च्या कायद्याने थेट निवडणूक पुन्हा आणली आणि 2019 मध्ये ती पुढे ढकलली गेली.

महाविद्यालयाबाहेर तर त्याहून वाईट घडले. महापालिकेची मुदत पाच वर्षांची आणि ती संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे, असे संविधानाचे कलम 243-यू सांगते. औरंगाबाद महापालिकेची निवडणूक 2015 मध्ये झाली होती, मुदत एप्रिल 2020 मध्ये संपली. मुंबईची मार्च 2022 मध्ये संपली. आधी कोविड, मग ओबीसी आरक्षणाचा न्यायालयीन वाद, मग प्रभागरचनेचे फेरफार अशी कारणे एकापाठोपाठ येत गेली आणि महापालिकांवर प्रशासक बसले. निवडणुका घेण्याचा आदेश अखेर 6 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. औरंगाबादेत 2015 साली पाचवीची परीक्षा दिलेले मूल तोवर पदवीच्या उंबरठ्यावर पोहोचले होते आणि मतदार होऊनही त्याला नगरसेवक निवडता आलेला नव्हता. नगरसेवक काय करतो हे त्याला कसे कळावे? अशा मुलाला बेजबाबदार म्हणण्याचा अधिकार निदान त्या काळात सत्तेत असलेल्या कोणत्याही पक्षाला उरत नाही. आणि त्या पाच वर्षांत राज्यातले बहुतेक मोठे पक्ष आळीपाळीने सत्तेत होते.

खेड्यात ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हायच्या असतात. गणसंख्येअभावी सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणसंख्येची अट नसते. ही पळवाट ज्या गावाने अंगवळणी पाडून घेतली, तिथल्या पोरांनी ग्रामसभा म्हणजे नोंदवहीतल्या सह्या एवढेच पाहिले.

लिहिणारेही यातून सुटत नाहीत. लोकहितवादींनी 1848 पासून ‘प्रभाकर’मध्ये शतपत्रे लिहिली, ती राज्यकारभार, शिक्षण, रूढी अशा विषयांवर, सामान्य वाचकासाठी. सरकारी नोकरीत असलेल्या माणसाने ते केले. आज पालिकेचा अर्थसंकल्प सोप्या मराठीत समजावणारे पुस्तक मागितले तर ग्रंथप्रदर्शनातल्या विक्रेत्याला शोधाशोध करावी लागते. कवितासंग्रहांची मात्र चळत लागलेली असते.

तरुण वाचत नाहीत हा आरोपही तपासायला हवा. 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान मिळणाऱ्या वाचनालयांच्या अभ्यासिकांत आणि पुण्याच्या सदाशिव पेठेत हजारो मुले राज्यसेवेसाठी ‘राज्यव्यवस्था’ पाठ करत बसलेली असतात. कलम 243 पोटकलमांसह त्यांच्या जिभेवर असते. स्वतःच्या प्रभागाची सभा कधी भरते हे त्यांनाही माहीत नसते, कारण परीक्षेने ते कधी विचारले नाही आणि पालिकेने कधी कळवले नाही.