मैदानाच्या कडेला उभी असलेली कामे
(क्रीडा-रोजगार परिषद, आर्वी : स्वागताध्यक्षीय भाषण)

कापसाची बाजारपेठ, गवळाऊ जातीची गुरे आणि टाकरखेडच्या संत लहानुजी महाराजांचे स्थान यांमुळे विदर्भात परिचित असलेल्या, वर्धा जिल्ह्यातील आर्वी या तालुक्याच्या गावी कबड्डीचे, व्हॉलीबॉलचे आणि टेनिस बॉल क्रिकेटचे सामने नवे नाहीत. मात्र खेळावर उपजीविका कशी उभी करावी, या एकाच प्रश्नासाठी इतके जाणकार येथे एकत्र बसावेत, ही गोष्ट स्वागत समितीला फार मोलाची वाटते.

परिषदेच्या विषयात ‘क्रीडा उद्योग’ असा शब्दप्रयोग आहे. खेळ शिकविणे, स्पर्धा भरविणे, त्या प्रेक्षकांना दाखविणे, खेळाडूचे शरीर व मन सांभाळणे, मैदान आणि साहित्य तयार ठेवणे आणि या सर्वांसाठी पैसा उभा करणे, अशा अनेक कामांतून चालणारा आर्थिक व्यवहार म्हणजे क्रीडा उद्योग होय. २००८ मध्ये इंडियन प्रीमियर लीग आणि २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाल्यानंतर हा व्यवहार सर्वसामान्य घरांतील दूरचित्रवाणी संचापर्यंत पोहोचला, परंतु पडद्यावर खेळाडूच तेवढे दिसत असल्यामुळे या उद्योगात शिरण्याचा मार्ग खेळाडू होण्यातूनच जातो, असा समज तरुणांच्या आणि त्याहून अधिक पालकांच्या मनात घट्ट बसला. एका सामन्यामागे राबणाऱ्या माणसांत गुणलेखक, पंच, फिजिओथेरपिस्ट, चित्रफितींवरून डावपेच तपासणारा विश्लेषक, खेळपट्टी राखणारा क्युरेटर, छायाचित्रकार, समालोचक, तिकीट व प्रवासाची व्यवस्था पाहणारा आणि प्रायोजकांशी बोलणी करणारा असे कितीतरी जण असतात. त्यामुळे ‘खेळात काहीतरी करायचे आहे’ एवढ्या वाक्यावर नोकरीचा शोध सुरू करता येत नाही. आधी काम निवडावे, मग खेळ निवडावा आणि संस्थेचे नाव सर्वांत शेवटी यावे, हा क्रम स्वागत समितीला योग्य वाटतो.

येथे दोन गोष्टी वेगळ्या करणे आवश्यक आहे, कारण ग्रामीण भागात त्यांची नेहमी सरमिसळ होते. खेळाच्या बळावर मिळणारी नोकरी ही एक गोष्ट आणि खेळाच्या क्षेत्रातील नोकरी ही दुसरी. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत कांस्यपदक मिळविणारे कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसळे मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होते. ही पहिल्या प्रकारची नोकरी होय. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी असलेले पाच टक्के समांतर आरक्षण, म्हणजे प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या अंतर्गत राखून ठेवलेल्या जागा, याच प्रकारात मोडते. या मार्गाने जाणाऱ्या खेळाडूने आपले प्रमाणपत्र क्रीडा व युवक सेवा विभागाच्या विभागीय उपसंचालकांकडून वेळेत पडताळून घेतले पाहिजे, कारण बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणे उघडकीस आल्यानंतर ही तपासणी काटेकोर झाली आहे आणि जाहिरात निघाल्यावर धावपळ करणाऱ्या खऱ्या खेळाडूचेही नुकसान होते. या परिषदेचा मुख्य विषय मात्र दुसऱ्या प्रकारची नोकरी हा आहे आणि तिच्यासाठी पदक ही अट नाही.

या दुसऱ्या प्रकाराचे विदर्भातील एक जुने आणि मोठे उदाहरण आर्वीच्या पश्चिमेस, वर्धा नदीपलीकडे अमरावतीत आहे. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये ज्या कार्याचा आरंभ केला, त्यातून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले. या मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके सादर केली आणि पुढे १९६७ मध्ये तेथे शारीरिक शिक्षणाचे पदवी महाविद्यालय सुरू झाले. व्यायामशाळेत घाम गाळणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला शिक्षकाची सन्मानाची नोकरी मिळू शकते, ही शक्यता या संस्थेने निर्माण केली, आणि विदर्भातल्या शाळाशाळांतून ‘पीटीचे सर’ म्हणून ओळखल्या गेलेल्या एका संपूर्ण पिढीचे शिक्षण तेथे झाले. मल्लखांब आणि लेझीम येण्याबरोबरच ते शिकविता येणे, त्यासाठी अभ्यासक्रम आखणे आणि परीक्षा घेणे हे वेगळे कौशल्य आहे, ही जाण या संस्थेच्या मुळाशी होती. बी. पी. एड. ही पदवी घेऊन शाळेत लागण्याचा तो मार्ग आजही बंद झालेला नाही, परंतु शाळांतील पदे विद्यार्थीसंख्येशी बांधलेली आहेत आणि निवड शिक्षक अभियोग्यता चाचणीच्या गुणांवर होते, म्हणून केवळ त्याच एका दारासमोर वर्षानुवर्षे उभे राहणे आता परवडणारे नाही. प्रशिक्षक होऊ इच्छिणाऱ्यांनी पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेतील पदविका आणि त्याच संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम यांचा विचार पदवीच्या काळातच करावा.

आर्वीच्या तरुणाला सर्वांत जवळचे आणि तरीही सर्वांत कमी सुचणारे काम खेळपट्टीचे आहे. नागपूरजवळ जामठा येथे विदर्भ क्रिकेट असोसिएशनचे मैदान २००८ पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी वापरात आहे आणि तेथील खेळपट्टी काळ्या मातीची आहे. काळ्या मातीत चिकणमातीचे प्रमाण जास्त असल्यामुळे ती पाणी धरून ठेवते, ओली झाली की फुगते आणि वाळली की तिला भेगा पडतात; हा गुणधर्म कपाशीच्या शेतकऱ्याला पाठ असतो, आणि चेंडू किती उसळेल, कितव्या दिवशी किती वळेल, हेही बऱ्याच अंशी त्यावरच अवलंबून असते. पाणी केव्हा बंद करावे, रोलर किती वेळ आणि किती वजनाचा फिरवावा, गवत किती राखावे, या निर्णयांची जबाबदारी क्युरेटरवर असते. २०१५ मध्ये जामठ्याला झालेला भारत–दक्षिण आफ्रिका कसोटी सामना तीन दिवसांत संपला आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने त्या खेळपट्टीला ‘निकृष्ट’ असा शेरा दिला, यावरून या कामाचे वजन लक्षात यावे. कृषी पदविका किंवा पदवी घेतलेल्या तरुणाने मृदाशास्त्र आणि गवताचे व्यवस्थापन हे विषय मैदानाच्या दिशेने वळविले, जिल्ह्यातील एखाद्या मैदानावर एक हंगाम माळी-मदतनीस म्हणून काम केले आणि आर्द्रता, पाऊस व रोलरच्या नोंदी ठेवल्या, तर क्युरेटरचा सहायक म्हणून विचारणा करताना त्याच्या हाती दाखवण्यासारखे काही असेल. अशा नोंदवहीला केवळ पदवीपेक्षा जास्त किंमत मिळते, असे स्वागत समितीचे मत आहे.

गुणलेखन हेदेखील असेच दुर्लक्षित प्रवेशद्वार आहे. गुणलेखक म्हणजे सामन्यातील प्रत्येक चेंडूची किंवा प्रत्येक चढाईची अधिकृत नोंद ठेवणारी व्यक्ती. नवी मुंबईच्या वृंदा राठी यांनी क्रिकेटमधील वाटचाल गुणलेखनातून पुढे नेली, २०१३ च्या महिला विश्वचषकात त्यांनी गुणलेखक म्हणून काम केले, त्याच काळात न्यूझीलंडच्या पंच कॅथी क्रॉस यांचे काम पाहून त्या पंचगिरीकडे वळल्या आणि जानेवारी २०२३ मध्ये रणजी करंडकात पंच म्हणून उभ्या राहिलेल्या पहिल्या तीन महिलांपैकी एक ठरल्या. एका कामातून दुसरे काम कसे उघडते, याचा हा स्पष्ट पुरावा आहे. मुलीला खेळात पाठवावे की नाही याचा विचार करणाऱ्या पालकांनी हे उदाहरण अवश्य लक्षात घ्यावे. बुद्धिबळातही हीच रचना आहे : राष्ट्रीय पंच आणि पुढे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाचा पंच होण्यासाठी प्रशिक्षण, परीक्षा आणि प्रत्यक्ष स्पर्धांतील काम अशा पायऱ्या असतात. नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी जुलै २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकल्यानंतर ज्या गावांना स्वतःची बुद्धिबळ स्पर्धा भरवावीशी वाटेल, त्या गावांना प्रशिक्षित पंचही लागणार आहेत.

फिजिओथेरपीचे शिक्षण सावंगी (मेघे) येथे, म्हणजे याच जिल्ह्यात, उपलब्ध आहे. हा चार वर्षांहून अधिक काळाचा अभ्यासक्रम असून क्रीडा-दुखापतींचा विशेष अभ्यास त्यानंतर करावा लागतो, म्हणून या वाटेचा निर्णय बारावीपूर्वीच व्हावा लागतो. माध्यमांच्या वाटेबद्दल एवढेच सांगणे पुरे की, वि. वि. करमरकर यांनी मराठी वृत्तपत्रात खेळाला स्वतंत्र आणि अभ्यासपूर्ण जागा मिळवून दिली, बाळ पंडित यांनी आकाशवाणीवर मराठी समालोचन घराघरांत नेले, आणि २०२३ मध्ये इंडियन प्रीमियर लीगचे थेट प्रक्षेपण ज्या बारा भाषांत झाले त्यांत मराठी होती. शुद्ध, वेगवान आणि खेळाची जाण असलेली मराठी बोलणाऱ्या तरुणाला तिची किंमत मिळू शकते.

शोधाचे नियोजन करताना दिनदर्शिका समोर असावी लागते, कारण हा उद्योग हंगामी आहे आणि हंगामी करार, म्हणजे ठरावीक महिन्यांपुरती नेमणूक, हे त्याचे प्रमुख स्वरूप आहे. शालेय स्पर्धा पावसाळ्यापासून तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा चढत्या क्रमाने होतात, रणजी करंडक हिवाळ्यात असतो, इंडियन प्रीमियर लीग उन्हाळ्यात. स्पर्धा सुरू झाल्यावर अर्ज करणाऱ्याला जागा मिळत नाही. माणसे त्याच्या कित्येक आठवडे आधी ठरलेली असतात. म्हणून स्पर्धेची तारीख निश्चित करून तेथून मागे मोजत यावे आणि माहिती काढणे, परीक्षा देणे, स्वयंसेवक म्हणून काम करणे आणि अर्ज पाठविणे यांचे महिने ठरवावेत. या काळात ज्यांना भेटायचे त्यांच्याकडे प्रथम नोकरी मागू नये, त्यांच्या कामाची माहिती विचारावी. ‘या पदावर येण्याआधी काय केले होते’ या प्रश्नाचे उत्तर बहुतेक अनुभवी माणसे आनंदाने देतात. वशिला आणि परिचय यांत फरक आहे. वशिल्यात दुसऱ्याच्या शब्दावर जागा मिळते, तर परिचयात समोरच्याने उमेदवाराचे काम पाहिलेले असते, आणि क्रीडाक्षेत्रात दुसरीच गोष्ट टिकते.

पैशाचा विचार स्पष्टपणे केला पाहिजे. सुरुवातीची कामे पुष्कळदा विनावेतन किंवा अल्प मानधनावर असतात, आणि पुण्या-मुंबईत खोली घेऊन असे काम करणे कपाशीच्या भावावर घर चालणाऱ्या कुटुंबाला जड जाते. म्हणून घर किती महिने आधार देऊ शकते हे आधी बोलून घ्यावे, कराराची अट लेखी मागावी, आणि नोकरी लावून देतो म्हणून आगाऊ रक्कम मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये. उद्योगाची अस्थिरताही ध्यानात असावी. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि त्यानंतर ड्रीम इलेव्हन या मुंबईच्या मोठ्या कंपनीला तो व्यवसाय थांबवावा लागला, भारतीय क्रिकेट संघाचे प्रायोजकत्वही सोडावे लागले. एका कायद्याने एवढी उलथापालथ होत असेल, तर क्रीडा उद्योगाबाहेरही चालेल असे कौशल्य, मग ते हिशेबाचे असो, विदा-विश्लेषणाचे असो वा रुग्णसेवेचे, जवळ असणे हे शहाणपणाचे आहे.

तथापि, पहिले कार्यस्थळ शोधण्यासाठी पुण्या-मुंबईची वाट धरण्याची गरज नाही. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हजारोंच्या गर्दीचे नियमन, जोड्यांची नोंदणी, सेकंदाच्या अंशापर्यंत वेळेचे मोजमाप आणि बक्षिसांचा हिशेब हे सारे गावची माणसे किती जबाबदारीने सांभाळतात हे ठाऊक आहे. अशा शर्यतींवरील २०१४ ची न्यायालयीन बंदी आणि त्यांना परवानगी देणाऱ्या राज्यांच्या कायद्यांना २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेली मान्यता यांनंतर जनावरांच्या काळजीचे नियम पाळण्याची जबाबदारीही या कामात आली. या साऱ्या व्यवस्थेला शहरात ‘इव्हेंट मॅनेजमेंट’ म्हणतात आणि त्यासाठी पगार देतात. विदर्भातील तरुण हे काम करतो, परंतु त्याचा कोणताही लेखी पुरावा त्याच्यापाशी राहत नाही, आणि मुलाखतीच्या वेळी तो ‘अनुभव नाही’ असे प्रामाणिकपणे सांगून परत येतो.

हा अन्याय दूर करणे आयोजकांच्या हाती आहे. म्हणून स्वागत समिती परिषदेपुढे एक ठराव ठेवत आहे. आर्वी, आष्टी आणि कारंजा (घाडगे) या तालुक्यांत स्पर्धा भरविणाऱ्या प्रत्येक मंडळाने आपल्याकडे काम केलेल्या प्रत्येक तरुणाला अनुभवपत्र द्यावे. त्यावर स्पर्धेचे नाव, तारखा, केलेले नेमके काम, सामन्यांची संख्या आणि चौकशीसाठी आयोजकाचा संपर्क असावा, आणि अल्प का होईना मानधन देऊन त्याची पावती घ्यावी. त्याबरोबर येत्या दिवाळीच्या सुटीत गुणलेखन व पंच परीक्षांच्या तयारीचा एक वर्ग आर्वीत घेण्यासाठी संबंधित संघटनांना विनंती करावी आणि त्यात निम्म्या जागा मुलींसाठी ठेवाव्यात. ठरावाचा मसुदा प्रतिनिधींना देण्यात आला असून दुपारच्या सत्रात तो चर्चेला येईल. ज्यांना त्यात दुरुस्ती सुचवायची असेल त्यांनी ती भोजनापूर्वी स्वागत कक्षात लेखी द्यावी.